तेरा रात्रींत सात शहरं बसवायची कशी?

पत्र थोडक्यात असं : साताऱ्याकडच्या एक वाचक भगिनी शाळेत शिक्षिका आहेत, वय ५३. यजमानांनी बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. येत्या मे महिन्यात दोघांचं युरोपला जायचं ठरलंय, पहिल्यांदाच, आणि तेही रेल्वेने. यजमानांनी संगणकावर तक्ता केलाय : पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस. तेरा रात्री, सात शहरं, तासातासाचा हिशोब. जेवणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सोबतचं’ एवढंच लिहिलंय. ताई शाकाहारी आहेत (केकमधलं अंडं चालतं), यजमान सगळं खातात. ताईंना बाजार हिंडायचेत, तिथलं काहीतरी खाऊन बघायचंय, कुठेतरी निवांत बसायचंय. विषय काढला की उत्तर येतं, “पुन्हा कधी जाणार आहोत आपण? नाहीतर मग तूच ठरव सगळं.” मुलगा म्हणतो, सरळ ग्रुप टूरने जा. ताई विचारतात : “टूर घ्यावी का? की माझाच हट्ट चुकतोय? मला बुकिंगमधलं काही कळतही नाही. भांडत भांडत युरोप बघायचा नाहीये.”

ताई,

तुम्ही पाठवलेला तक्ता आधी नीट वाचला. मेहनत दिसते त्यात. पण एक गोष्ट मोजायची राहून गेलीय. सात शहरं म्हणजे सहा वेळा बाडबिस्तरा आवरणं. पॅरिस ते ब्रुसेल्स दीड तासाच्या आत, तिथून ॲमस्टरडॅम दोन तास, ॲमस्टरडॅम ते बर्लिन सहा, बर्लिन ते प्राग चाराच्या वर, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते व्हेनिस साडेसात-आठ. नुसत्या डब्यात बसून पंचवीस-सव्वीस तास. शिवाय हॉटेलची खोली सकाळी अकरा-बाराला सोडायची आणि पुढची दुपारी तीनला मिळणार. त्यामुळे दीड तासाच्या प्रवासातही अर्धा दिवस जातो. व्हिएन्नाच्या वाट्याला या तक्त्यात एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आलीय. तेवढ्यात रेल्वे स्टेशन आणि एक चर्च बघून होईल.

हे यजमानांना ‘तुमचं चुकलंय’ अशा सुरात सांगू नका. त्यांच्याच तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगा : शहर बदलण्यात गेलेले तास. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतः केलेली बेरीज लगेच पटते. बायकोने तोंडी सांगितलेली पटायला जरा वेळ लागतो.

आता ‘पुन्हा कधी जाणार’ या वाक्याकडे वळू. तुम्हाला त्यात हेकेखोरपणा दिसतो. मला त्यात थोडी धास्तीही दिसते. पगार थांबल्यावरचा हा पहिला मोठा खर्च आहे. तो वसूल झाला पाहिजे, आणि वसुली मोजायची सोपी रीत म्हणजे शहरांची संख्या. ‘दहा दिवसांत नऊ देश’ अशा जाहिराती वाचून आपण सगळेच तशी मोजायला शिकलोय. तेव्हा वाद घालू नका, त्यांचं म्हणणं खरं धरा. एकदाच जायचंय. मग दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहा, ज्या पाहिल्या-केल्याशिवाय परत आलो तर चुटपुट लागेल अशा. एकमेकांचं न बघता. त्यांच्या कागदावर सातही शहरं येणार नाहीत, अशी पैज लावायला मी तयार आहे. कदाचित आयफेल टॉवर येईल, बर्लिनची भिंत येईल आणि तिसऱ्या जागी पेन अडेल.

आणि एक प्रश्न तुम्हालाही. ‘मला बुकिंगमधलं काही कळत नाही’ हे कधी आणि कसं ठरलं? वार्षिक परीक्षेची बैठक व्यवस्था, सहलीची बस, साठ मुलांचे डबे हे सगळं तुम्ही सांभाळता. रेल्वेचं तिकीट त्याहून अवघड नाही. ‘तूच ठरव सगळं’ हा टोमणा आहे हे मलाही कळतं, पण त्यातलं ‘सगळं’ सोडून बाकीचं खरं मानायला काय हरकत आहे? जेवणाचा रकाना मागून घ्या, आणि एक अख्खं शहर. त्या शहरात कुठे राहायचं, काय बघायचं, काय गाळायचं हे तुम्ही ठरवणार, आणि ते मागून येणार. ज्याने काहीच ठरवलेलं नसतं, त्याला परक्या गावात तक्रारीशिवाय दुसरं काम उरत नाही. तेव्हा थोडी जबाबदारी अंगावर घ्या.

टूरचं म्हणाल, तर मी तिला नावं ठेवणार नाही. गुडघे दुखत असतील, भाषेची धाकधूक असेल, संध्याकाळी गरम वरण-भात लागत असेल, चार मराठी माणसांत मोकळं वाटत असेल, तर टूर उत्तम. बॅगा उचलाव्या लागत नाहीत, व्हिसाचे कागद कोणीतरी तपासून देतं. पण तुमच्या पत्रातली इच्छा तिथे पुरी होणार नाही. बस बाजारापाशी पाऊण तास थांबते आणि रात्री भारतीय हॉटेलात पनीर असतं. मुलाला काळजी वाटते म्हणून तो टूर सुचवतोय. त्याला हॉटेलांचे पत्ते आणि गाड्यांच्या वेळा पाठवून द्या, काळजी निम्मी होईल.

माझं मत विचाराल तर एकाच वाटेवरची चार शहरं घ्या : बर्लिन तीन रात्री, प्राग तीन, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट तीन. विमानाचं तिकीट बर्लिनला उतरून बुडापेस्टहून परत असं एकत्रच काढा, म्हणजे मागे यायला नको. प्रवास तीनच, आणि तिन्ही ठिकाणी थेट गाड्या मिळतात. थेट गाडीला माझ्या लेखी फार किंमत आहे. जर्मनीच्या शिस्तीबद्दल आपण जे ऐकत आलोय ते तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागू नाही. २०२४ मध्ये त्यांतल्या साधारण ६२ टक्केच वेळेवर धावल्या. मधे गाडी बदलायची नसेल तर उशीर झाला तरी चुकत काहीच नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. हा नियम यजमानांना सांगा, त्यांना आवडेल.

त्यांच्या कागदावर पॅरिस पहिल्या ओळीत आलं, तर मात्र ही वाट सोडून द्या आणि पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम एवढंच करा. अंतरं छोटी आहेत, तेरा रात्री ऐसपैस पुरतात. त्या वाटेवर दोनच गोष्टी सांगते. बेल्जियममधला प्रसिद्ध बटाटा पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ॲमस्टरडॅममध्ये सुरीनामी हॉटेल शोधा. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला गेलेल्या मजुरांच्या वंशजांची रोटी तिथे मिळते. भाजीची मागितली की हिरव्या शेंगा आणि बटाट्याबरोबर येते. दोन्ही वाटा एकाच वेळी करायच्या म्हटल्या की पुन्हा सात शहरं होतात, एवढं लक्षात असू द्या.

रेल्वेचा पास घ्यावा का, असं यजमानांनी तक्त्याच्या खाली प्रश्नचिन्ह घालून लिहिलंय. तीनच प्रवास असतील तर पासचा हिशोब सहसा बसत नाही. सुटी तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात, फक्त ती त्याच गाडीला बांधलेली असतात. एकाच गाडीचं तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेच्या संकेतस्थळांवर मिळतं आणि भाव वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हीकडे बघा. तिकिटाबरोबर जागा आपोआप मिळतेच असं नाही. थोडे जास्त पैसे भरून ती राखून ठेवा, नाहीतर बॅगा घेऊन डब्याडब्यांतून फिरावं लागेल. बॅग माणशी एकच, आणि स्वतःला उचलून पायऱ्या चढता येईल एवढी. हमाल मिळेल या भरवशावर राहू नका.

बर्लिनहून प्रागला जाताना डाव्या खिडकीची जागा मागा. ड्रेस्डेन सोडलं की रूळ एल्ब नदीला धरून जातात, पलीकडे वाळूच्या दगडांचे उंच कडे उभे असतात, आणि हद्द ओलांडून पुढे बराच वेळ नदी सोबत करते. इथे यजमानांना तक्ता मिटवून ठेवायला सांगा. चेक रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये ताजं शिजवलेलं जेवण आणि नळाची बिअर मिळते, आणि बाहेरच्या हॉटेलांच्या मानाने ते महागही नसतं. तुम्हाला बहुधा तळलेलं चीज आणि बटाटे मिळतील. प्रागला उतरल्यावर खालच्या आधुनिक दालनातून थेट बाहेर पडू नका, वर जा. १९०९ साली पूर्ण झालेली जुनी इमारत वर आहे, घुमट आणि पुतळ्यांसकट. बहुतेक प्रवासी तिच्या खालून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो.

आता जेवणाचा रकाना. तो तुमच्याकडे आला असं धरून लिहिते.

पहिली गोष्ट, मुख्य जेवण दुपारी करा. चेक हॉटेलांत सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘पोलेडनी मेन्यू’ असतो, ऑस्ट्रियात ‘मिटाग्समेन्यू’. सूप आणि एक पदार्थ, संध्याकाळच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत. स्थानिक नोकरदार तेच जेवतात. संध्याकाळी मग ब्रेड, चीज, फळं, दही दुकानातून आणून खोलीवर खा, किंवा केक खाऊन झोपा, कोण विचारतंय? बघायची मोठी ठिकाणं सकाळी उरकली की दुपारचं जेवण घाईचं होत नाही. दिवस असा जेवणाभोवती बांधला की यजमानांच्या तासातासाच्या तक्त्यात दोन तास आपोआप मोकळे होतात, आणि ते तुम्ही मागितलेत असंही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात हे जुनं झालंय. बर्लिनमध्ये तर शाकाहाराची रेलचेल आहे. माइबाखउफर नावाच्या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तिथे तुर्की बायका पातळ पोळीत पालक आणि चीज भरून तव्यावर भाजून देतात, तिला ‘ग्योझलेमे’ म्हणतात. ती खाल्ल्यावर सोबतच्या ठेपल्यांची आठवण होणार नाही. प्रागमध्ये ‘ब्रांबोराक’ म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं धिरडं, आणि ‘ओव्होत्स्ने क्नेडलिकी’ म्हणजे आत अख्खं फळ घालून उकडलेले गोळे, वर किसलेलं चीज, साखर आणि वितळलेलं लोणी. आपल्याकडे उकडीचे मोदक जसे पोटभर खातात तसेच तेही खातात, जेवण म्हणून. रस्तोरस्ती निखाऱ्यावर फिरवत भाजलेली पिठाची गोड नळकांडी ‘जुना चेक पदार्थ’ म्हणून विकतात. खा हवं तर, पण त्यांचं प्रागशी नातं अलीकडचं आहे.

व्हिएन्ना हे शहर तुम्ही मागून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. निवांत बसायची तुमची इच्छा तिथे गुन्हा ठरत नाही. जुन्या कॉफीगृहात एक मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवायची, छोट्या ट्रेमध्ये कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, आणि मग वर्तमानपत्र चाळत दोन तास बसलात तरी कोणी बिल आणून आपटत नाही. गर्दीच्या प्रसिद्ध कॉफीगृहाबाहेर रांगेत उभं राहू नका, एक गल्ली आत जा. ‘कैझरश्मार्न’ म्हणजे फुगीर गोड धिरड्याचे तुकडे, आंबटगोड आलुबुखारासोबत, दोघांत एक पुरतो. ‘केझेश्पेत्झले’ म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या मैद्याच्या नूडल्स. त्यात अंडं असतं हे माहीत असू द्या. बाजारासाठी नाशमार्क्ट बघाच, पण भाजी घेणारे व्हिएन्नाकर बघायचे असतील तर ब्रुनेनमार्क्टला जा. यजमान रस्त्यावरच्या सॉसेजच्या टपरीवर उभे राहून खुश होतील, आणि रात्री ऑपेराचं उभ्याने बघायचं स्वस्त तिकीट दोघांना परवडेल.

बुडापेस्टला ‘लांगोश’, म्हणजे हातभर तळलेली पोळी, वर लसणीचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. ‘फ्योझेलेक’ नावाचे भाज्यांचे दाट रस्से घरगुती खानावळीत मिळतात, आंबट चेरीचं गार सूप उन्हाळ्यात सगळीकडे असतं. १८९७ च्या मोठ्या मंडईत खालच्या मजल्यावर पाप्रिका आणि लोणची बघा. वरच्या मजल्यावर पर्यटकांचा भाव असतो.

फसगत कुठे होते ते सांगते, कारण कुठल्याही शाकाहारी वाचकाला याचा उपयोग होईल. दिसायला निर्दोष सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात असतं. व्हिएन्नात धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप मिळतं, त्यात मांसाचा तुकडा दिसणार नाही, पण पाणी गाईच्या मांसाचंच असतं. दुसरी फसगत डुकराच्या चरबीची. जर्मनमध्ये ‘श्माल्त्स’, चेकमध्ये ‘साद्लो’, हंगेरियनमध्ये ‘झीर’. हे तीन शब्द फोनमध्ये लिहून ठेवा आणि लांगोश तेलात तळलाय की झीरमध्ये हे विचारा. तिसरी, दह्याच्या हंगेरियन नूडल्सवर शेवटी डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे भुरभुरतात, आधीच ‘हूश नेल्क्यूल’ म्हणजे मांसाशिवाय असं सांगावं लागतं. कांदा-लसूणही चालत नसेल, किंवा मधुमेहामुळे वेळा पाळायच्या असतील, तर हॉटेलऐवजी छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. फक्त जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी वाणसामानाची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी. १ मेला तर चारही देशांत सुट्टी. दूध-भाजीचं आदल्या दिवशी बघा.

‘सोबतचं’ नेणारच असाल तर खाकरा, चिवडा, मेतकूट खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. बर्लिन आणि व्हिएन्नात युरो, प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. रस्त्यावरच्या रंगीबेरंगी एटीएमपेक्षा बँकेचं एटीएम शोधा, आणि मशीनने ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी तोट्याचा असतो. बुडापेस्टच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का बघा, धरलं असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. चोवीस तास सोबत राहायची सवय तुम्हा दोघांना नाही. ते बँकेत, तुम्ही शाळेत, अशी कित्येक वर्षं गेली. तेव्हा प्रत्येक शहरात एक अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. ते बर्लिनमध्ये बेर्नाउअर रस्त्यावरचं भिंतीचं स्मारक तासन्‌तास वाचू देत, तुम्ही बाजारात जा. भेटायची जागा आणि वेळ ठरलेली, फोनमध्ये दोघांकडेही चालू सिम, हॉटेलचा पत्ता कागदावर. जोडीने गेलो म्हणजे जोडीनेच सगळं बघायचं हा दंडक कोणी घातलाय? संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असेल. तुमचं जमलं नाही आणि वाट चुकलात, तर ट्राम सगळीकडे आहेत आणि दिवसभराचा पास खिशात असतोच.

व्हिसाचं लांबवू नका. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हिएन्नाच्या चार रात्रींमुळे तुमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल, म्हणून रात्रींची वाटणी आधी पक्की करा आणि मग बदलू नका. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच उशीर लागतो, म्हणून फेब्रुवारीत कागद हातात हवेत. यजमानांचं निवृत्तीचं पत्र घरात असेलच. तुम्हाला शाळेकडून रजा मंजूर असल्याचं पत्र लागेल, ते परीक्षांची गडबड सुरू व्हायच्या आत मुख्याध्यापकांकडून घेऊन ठेवा.